पिसवा मारायच्या आहेत, मांजर नव्हे

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन विषय ठरलेले असतात: गच्चीची गळती आणि पिसवा. यंदा पिसवांनी बाजी मारली ती एका फॉरवर्डमुळे. ‘कुत्र्यांना पिसवांची ती चघळायची गोळी देऊ नका. थेट मेंदूवर परिणाम होतो. अमेरिकेत हजारो जनावरं दगावली. पुढे पाठवा.’ तासाभरात तळमजल्यावरच्या काकांनी उतारा सुचवला: गोळ्याबिळ्या कशाला, कडुनिंबाचं तेल आणि कापूर चोळा, आमच्या गावी हेच चालायचं. या गदारोळात एका मुलीने साधाच प्रश्न टाकला होता. ‘आमच्या लॅब्रेडॉरच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब उरलेत. मांजरीला, मनीला निम्मे टाकले तर चालतील का?’ तिला कुणी उत्तरच दिलं नाही.

तिन्हींत गाजला तो पहिला मेसेज. जीव जाण्याची खरी भीती होती ती तिसऱ्यात. असं का, ते समजून घ्यायला आधी एका शब्दाचा घोळ निस्तरावा लागेल.

मराठीत आपण तापाच्या गोळीला औषध म्हणतो, कपाशीवर फवारायच्या विषालाही औषध म्हणतो आणि उंदीर मारायच्या वडीला तर सरळ ‘उंदराचं औषध’ म्हणतो. पिसवांचं औषध यातलं कुठलं? बहुतेक वेळा दुसरं. ते कीटकनाशकच असतं; फरक एवढाच की ते आपण पिकावर न मारता घरातल्या लाडक्या प्राण्याच्या मानेवर ओततो किंवा पोटात घालतो. त्यामुळे ‘हे सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला आधी शेपूट जोडावं लागतं: कुणाला, किती आणि कुठल्या रूपात?

## पिसू कुत्र्यावर दिसते, पण तिचं घर तुमच्या सोफ्यात असतं

कुत्र्याच्या अंगावर पळणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसू-लोकसंख्येचा साधारण ५ टक्के भाग. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गालिच्यात, गोधडीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत आणि पायपुसण्याखाली असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती केसांना चिकटून राहत नाहीत, मीठ भुरभुरावं तशी कुत्रा जाईल तिथे गळत जातात.

अळीला लागतो दमटपणा. कोरड्या हवेत ती वाळून मरते. म्हणून विदर्भातल्या रखरखीत उन्हाळ्यात पिसवा ओसरतात आणि कोकण-मुंबईत वर्षभर पाहुणचार घेतात. पण खरी गोम कोषात आहे. कोषातली पिसू महिनोन् महिने गप्प बसून राहू शकते. बाहेर पावलांची थरथर जाणवली, अंगाची ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की टुणकन बाहेर. महिनाभर बंद असलेलं घर उघडलं की दहा मिनिटांत पोटऱ्यांना चावे का बसतात, त्याचं कारण हे.

हे सगळं सांगायचं कारण औषधाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेलं आहे. थेंब टाकले, आठ दिवसांनी कुत्र्यावर पुन्हा पिसवा दिसल्या, की माणूस म्हणतो ‘औषध लागू पडलं नाही’ आणि पुन्हा टाकतो. मग पावडर मारतो. मग कुणीतरी सांगितलेल्या शाम्पूने धुतो. आठवड्याभरात एकाच प्राण्यावर तीन वेगवेगळी कीटकनाशकं. वास्तविक पहिलं औषध काम करतच होतं. दिसत होत्या त्या कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिसवा, आणि त्याही मरणारच होत्या. घरातला साठा संपायला दोन-तीन महिने लागतात. निम्मे अपघात या अधीरपणातून होतात असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा माझ्याकडे नाही, म्हणून एवढंच म्हणतो की ओळखीत पाहिलेले बहुतेक असेच होते.

## कीटकाला विष आणि कुत्र्याला नाही, हे जमतं कसं?

मज्जासंस्था म्हणजे घाट उतरणारी एसटी समजा. गाडी नीट चालायला दोन गोष्टी लागतात: ऍक्सिलरेटर आणि ब्रेक. बहुतेक पिसूनाशकं या दोहोंपैकी कशाची तरी वाट लावतात.

परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही भावंडं ऍक्सिलरेटर दाबलेलाच अडकवून ठेवतात. यांचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात आहे. त्या फुलातल्या द्रव्याची प्रयोगशाळेत बनवलेली ही नक्कल. डासांच्या कॉइलमध्ये त्यांचीच चुलत भावंडं असतात. फिप्रोनिल आणि चघळायच्या गोळ्यांमधली नवी औषधं (अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर, या कुळाचं नाव आयसोक्साझोलिन, पुढे मी ‘गोळीकुळ’ म्हणेन) ब्रेक काढून टाकतात. कसंही झालं तरी कीटकाच्या नसा अनावर होतात, तो थरथरतो आणि मरतो. इमिडाक्लोप्रिडची तऱ्हा थोडी निराळी: ते तंबाखूतल्या निकोटिनचं सुधारित रूप.

ब्रेक तर कुत्र्यालाही आहेत आणि आपल्यालाही. मग? कीटकाच्या ब्रेकचा सुटा भाग आणि सस्तन प्राण्याच्या ब्रेकचा सुटा भाग सारख्याच कामाचे असले तरी घडण वेगळी. बजाजचा पार्ट लुनाला बसत नाही, तसं. पण ज्यांनी गॅरेजवाल्याकडे वेळ काढलाय त्यांना माहीत असतं की असा पार्ट अगदीच बसत नाही असं नसतं; ठोकून बसवला तर सैलसर बसतो. इथे ठोकणं म्हणजे मात्रा वाढवणं. मात्रा खूप वाढली की कुत्र्याचे ब्रेकही ढिले व्हायला लागतात.

म्हणून बाजारात येण्याआधी अशा औषधांच्या चाचण्या नेहमीच्या मात्रेवर थांबत नाहीत. तिप्पट आणि पाचपट मात्रा देऊनही प्राण्यांना तपासतात. नेहमीची मात्रा आणि त्रास सुरू होण्याची मात्रा यांतलं अंतर म्हणजे सुरक्षेची मोकळी जागा. ती जितकी रुंद तितकं चूक पोटात घालणारं औषध.

संरक्षणाची दुसरी फळी म्हणजे यकृत. परमेथ्रिन कुत्र्याच्या किंवा माणसाच्या अंगात शिरलं तरी यकृत त्याचे भराभर तुकडे करून बाहेर घालवतं. खरजेसाठी त्वचेचे डॉक्टर आपल्याला जे मलम देतात त्यात ५ टक्के परमेथ्रिनच असतं. गळ्यापासून तळपायापर्यंत चोपडून आपण झोपतो, सकाळी अंघोळ करतो, आणि काही होत नाही.

मांजराला होतं.

## मांजराच्या यकृताची घंटागाडी

यकृत नको असलेल्या रसायनाला साखरेच्या कुळातला एक छोटा रेणू चिकटवतं. तो चिकटला की ते रसायन पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर जातं. घंटागाडीवाल्यांनी ‘पिशवीत बांधलेलाच कचरा घेऊ’ असा नियम करावा तसं. कचरा बांधायचं काम करणारं एक महत्त्वाचं विकर मांजरात जवळपास नाहीच, कारण ते बनवणारं जनुक मोडकं आहे. फक्त घरच्या मांजरात नव्हे, वाघ, सिंह, चित्ता या सगळ्या भाऊबंदांत मोडकं आहे. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या नुसतं मांस खात आली, झाडपाल्यातली विषं पचवायची वेळच आली नाही, म्हणून ते जनुक मोडलं तरी काही अडलं नाही असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. वाघाच्या मावशीला हा वारसा महागात पडतो. आपण तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तेही मुख्यतः याच कारणाने.

परमेथ्रिनचंही तसंच. खरजेच्या मलमात ते ५ टक्के असतं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत ४५ ते ६५ टक्के. म्हणजे मलमाच्या नऊ ते तेरापट तीव्र द्रव, ज्याला ते पचत नाही अशा चार किलोच्या प्राण्यावर. वर मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे कातडीवरचं पोटातही जातं. काही तासांत कान आणि मिशा फडफडायला लागतात, मग अंगभर थरथर, मग झटके. वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरं वाचतात, पण दोन-तीन दिवस दवाखान्यात काढून.

त्या मुलीच्या ‘निम्मे’ या शब्दातच चूक दडलेली होती. मोठ्या कुत्र्यासाठीच्या (२० ते ४० किलो) फिप्रोनिलच्या नळीत २.६८ मिलिलीटर द्रव असतो. मांजराच्या नळीत ०.५. म्हणजे निम्मं करूनही मात्रा अडीचपटीच्या वर गेली. नुसतं फिप्रोनिल असेल तर मांजर बहुधा फेसाळ लाळ गाळेल (चव कडू असते) आणि निभावून जाईल. त्याच नळीत परमेथ्रिन असेल तर निम्मं काय, पावही जास्तच. दोन्ही खोके दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर हसरा कुत्रा असतो.

हाच प्रकार गोठ्यातल्या बाटलीचा. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन पाण्यात पातळ करून फवारतात. खेड्यात तीच बाटली कुत्र्यावर, आणि कुत्र्यावरून मांजरावर येते. गोचिडांवरच्या अमिट्राझचंही बरंच नाव आहे. कुत्र्याला त्याच्या पाण्याने पुसतात. ते ब्रेक-ऍक्सिलरेटरच्या भानगडीतलं नाही, ते गुंगी आणतं, हृदयाचे ठोके मंदावतं, रक्तातली साखर वाढवतं. मधुमेही कुत्रा आणि कुठलंही मांजर यांच्यापासून ते लांब ठेवायचं, आणि आपणही हातमोजे घालायचे.

फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड कृषी सेवा केंद्रातही मिळतात आणि स्वस्त मिळतात. नाव एक म्हणून औषध एक नव्हे. शेतीच्या बाटलीत रसायन पानाला चिकटावं, पाण्यात मिसळावं म्हणून जे इतर द्रव घातलेले असतात ते कातडीसाठी बनवलेले नसतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, ते आठवावं.

सशालाही फिप्रोनिल चालत नाही, जीव जातो. घरात माशांची टाकी असेल तर परमेथ्रिनच्या कुळातला फवारा त्या खोलीत नकोच.

## ‘गोळीने फिट येते हे खोटं आहे का?’

खोटं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने गोळीकुळाबद्दल जाहीर सूचना काढली: काही कुत्र्या-मांजरांत स्नायू फडफडणं, तोल जाणं आणि झटके येणं दिसलंय, लेबलवर तसं लिहा. त्याच सूचनेत हेही होतं की बहुसंख्य प्राण्यांसाठी ही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक आहेत. फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं गळतं.

हे औषध काय करतं ते आठवा. ब्रेक काढतं. सैल बसणारा पार्ट एखाद्या कुत्र्यात जरा घट्ट बसला, तर लक्षण काय दिसेल? झटकेच. म्हणजे हा दुष्परिणाम गूढ नाही, औषधाच्या कामाचीच सावली आहे. म्हणूनच ज्या कुत्र्याला आधी कधी फिट आलीय त्याच्या डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगायची. ते बहुधा दुसरं काही लिहून देतील.

प्रमाण किती? युरोपात या गोळ्यांच्या माहितीपत्रकात झटक्यांची वर्गवारी ‘अत्यंत दुर्मिळ’ अशी आहे. त्याचा अर्थ १०,००० प्राण्यांत एकापेक्षा कमी नोंद. वानखेडे स्टेडियमवर माणसांऐवजी कुत्री बसवली (क्षमता साधारण ३३,०००; मैदानाची अवस्था काय होईल ते सोडून द्या) आणि सगळ्यांना गोळी दिली तर तिघा-चौघांच्या आत. नोंदवले न गेलेले प्रसंग असतातच, तेव्हा खरा आकडा याहून थोडा मोठा असू शकतो.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहू. महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्याला पिसवांपेक्षा गोचिडाची भीती जास्त असते, आणि ती रास्त आहे. आपल्याकडचं तपकिरी गोचीड एरलिकिया आणि बॅबेशिया हे रक्तात शिरणारे जंतू पसरवतं. पाळणारे सगळ्याला सरसकट ‘टिक फिव्हर’ म्हणतात. कुत्रा खात नाही, ताप चढतो, प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं, आणि उशीर झाला तर तो जातो. दहा हजारांत एक आणि पावसाळ्यात दवाखान्याच्या बाकावर दर थोड्या वेळाने दिसणारी केस, यांची तुलना प्रत्येकाने स्वतःच्या कुत्र्यापुरती करायची असते. नाशिकजवळच्या वाडीत मोकळा फिरणारा कुत्रा आणि दादरच्या सहाव्या मजल्यावरून फक्त लिफ्टने खाली येणारा पग यांचं उत्तर एक असायची गरज नाही. दुसऱ्याला बारा महिने औषध लागतंच असंही मला वाटत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

## ‘पण अमेरिकेत पट्ट्याने १,७०० प्राणी मेले ना?’

त्या फॉरवर्डमधले ‘हजारो’ बहुधा इथून आले असावेत. म्हणजे गोळीच्या माथी पट्ट्याचा आकडा. सेरेस्टो नावाचा गळ्यात घालायचा पट्टा आहे, त्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असतं आणि तो आठ महिने चालतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बातमी आली की २०१२ पासून या पट्ट्याबद्दल तिथल्या पर्यावरण खात्याकडे ७५,००० हून अधिक तक्रारी आल्या, त्यात सुमारे १,७०० प्राण्यांच्या मृत्यूच्या. २०२२ मध्ये तिथल्या संसदेच्या एका उपसमितीने पट्टा बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. २०२३ च्या जुलैत पर्यावरण खात्याने तपासणी संपवून तो राहू दिला, पण परवानगी पाच वर्षांपुरती, लेबलवर जास्त इशारे आणि तक्रारींची अधिक बारीक नोंद या अटींवर.

मग खरं कोण? इथे आपली जुनी म्हण कामी येते: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पट्टा कोट्यवधी जनावरांच्या गळ्यात होता, आणि तोही आठ-आठ महिने. एवढ्या जनावरांपैकी काही त्या काळात म्हातारपणाने, गाठीने, गाडीखाली येऊन मरणारच. त्यांच्या गळ्यात पट्टा होता म्हणून तक्रार ‘पट्ट्याची’ झाली. बऱ्याच मृत्यूंच्या नोंदीत कारण ठरवायला पुरेशी माहितीच नव्हती. काही ठिकाणी प्रश्न रसायनाचा नसून पट्टा कशात तरी अडकून गळा आवळला गेल्याचा होता. त्यात भर नकली पट्ट्यांची. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने असे पट्टे जप्तही केले.

पण म्हण दोन्ही बाजूंनी चालते. मृत्यूचा संबंध सिद्ध झाला नाही याचा अर्थ पट्टा सगळ्यांनाच सोसतो असा होत नाही. मान लाल होणं, खाज सुटणं, काही जनावरं सुस्त होणं, हे होतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे पट्टा लगेच काढता येतो. गोळी पोटात गेली की महिना किंवा तीन महिने अंगात राहते, परत घेता येत नाही. म्हणून पहिल्यांदा देताना मी तरी महिनाभराची गोळी निवडेन, बारा आठवड्यांची नंतर.

## ‘मग घरगुतीच बरं की’

काकांचा राग धरू नका, ते प्रेमाने सांगतात. पण ‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ हे दोन वेगळे शब्द आहेत. परमेथ्रिनचं मूळ फुलात आहे, निकोटिन तर तंबाखूच्या पानात. तंबाखूचं पाणी जनावराला चोळायची पद्धत आपल्याकडे होती, आणि तिने पिसवांबरोबर कधीकधी जनावरही आडवं व्हायचं.

कापूर चाटण्यात आला तर झटके येतात. डांबराच्या गोळ्या कपाटात ठीक, कुत्र्याच्या अंथरुणात नाही. शुद्ध टी-ट्री तेल कातडीवर थेट लावल्याने कुत्री-मांजरं लुळी पडल्याची उदाहरणं पशुवैद्यकांच्या नोंदीत आहेत. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र जातात. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. रॉकेलबद्दल काही लिहायची वेळ येऊ नये, पण येते. कडुनिंबाचं पातळ केलेलं तेल या यादीत सगळ्यात निरुपद्रवी, कुत्र्याला क्वचित लावलं तर चालेल. पण त्याने पिसवा जरा नाराज होतात, संपत नाहीत, आणि मांजराला तेही नको.

ज्यांना जुने दिवस आठवतात त्यांना गॅमेक्झिन या कीटकनाशकाची पांढरी पावडरही आठवत असेल. कोंबड्यांवर, कुत्र्यांवर, धान्याच्या कणगीभोवती बिनधास्त भुरभुरायचे. भारतात १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. ‘आमच्या वेळी काही होत नव्हतं’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या वेळी कुणी मोजत नव्हतं’ एवढाच असतो.

खरोखर निर्धोक घरगुती उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: उवांची बारीक फणी, साबणाच्या पाण्याचा वाडगा, आणि रोज दहा मिनिटं. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत, तिथे हाच मार्ग. आणि तिथे आळस करून चालत नाही, कारण फार पिसवा झाल्या तर इवलंसं पिल्लू नुसत्या रक्त कमी होण्याने मरू शकतं. जोडीला गोधड्या कडक गरम पाण्यात, सोफ्याच्या फटीत व्हॅक्यूम, आणि त्याची पिशवी लगेच बाहेर.

## बाळ कुत्र्याला मिठी मारतं, त्याचं काय?

थेंब वाळेपर्यंत मारू द्यायची नाही. रात्री झोपताना टाकले आणि त्या रात्री कुत्रा मुलाच्या अंथरुणात नसला, की बराचसा प्रश्न मिटतो. नंतर हात धुणं. उलट बाजू लोकांना कमी माहीत असते: पिसूच्या पोटात एका पट्टकृमीची (चपट्या जंताची) अळी असू शकते. कुत्र्याने किंवा रांगणाऱ्या बाळाने पिसू चुकून गिळली की तो जंत त्यांच्याही पोटात. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर समजावं.

प्लेगची आठवण काढून कुणी घाबरवलं तर सांगा, ती उंदरांवरची पिसू. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत तिचा प्लेगशी संबंध दाखवला. आपल्या कुत्र्या-मांजरांवर असते ती वेगळी जात.

## थेंब नदीपर्यंत जातात

हा भाग मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करतो, आणि याची चर्चा आपल्याकडे नाहीच. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिथल्या २० नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष मांडले: ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल, ६६ टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड. तिथे शेतात यांचा वापर जवळपास थांबलेला. मग आलं कुठून? संशय कुत्र्या-मांजरांच्या मानेवरच्या थेंबांवर. कुत्र्याला अंघोळ घातली, त्याचं अंथरूण धुतलं, तो नदीत पोहला, थेंब टाकून हात धुतले, की ते पाण्यात. २०२५ मध्ये त्याच विद्यापीठाचा दुसरा अभ्यास आला. छोटे टिट पक्षी घरट्यात मऊ अस्तर म्हणून कुत्र्यांचे गळलेले केस नेतात. अशी १०३ घरटी तपासली. सगळ्यांत फिप्रोनिल सापडलं, आणि जिथे कीटकनाशकांचं प्रमाण जास्त तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त.

म्हणजे कुत्र्याला सुरक्षित असलेलं औषध पाण्यातल्या किड्याला, मधमाशीला, पक्ष्याच्या पिल्लाला सुरक्षित नाही. व्हायचंही नाही, कीटक मारायलाच तर ते बनवलंय. त्यावरून ‘वापरूच नका’ असं मी म्हणणार नाही. गरज नसताना दर महिन्याला, सवयीने टाकत राहू नये, एवढं म्हणेन. थेंब टाकल्यावर निदान दोन दिवस अंघोळ नाही आणि ओढ्यात पोहणं नाही. रिकाम्या नळ्या कचऱ्यात जातात, मोरीत नाही.

## चूक झालीच तर

मांजरावर कुत्र्याचं औषध पडलं आणि लगेच लक्षात आलं, तर भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी नको. पुसून उबेत गुंडाळा आणि औषधाचा खोका घेऊन दवाखाना गाठा. खोका विसरू नका, डॉक्टरांना आधी तोच हवा असतो. उलटी करवू नका, दूध पाजू नका. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ निघा. ‘जरा वेळ बघू’ हे या बाबतीत चालत नाही.

त्या मुलीला मी खोक्याचा फोटो पाठवायला सांगितला. पुढच्या बाजूला हसरा कुत्रा. मागच्या बाजूला, दोन मिलिमीटरच्या अक्षरांत, परमेथ्रिन; आणि कोपऱ्यात फुली मारलेलं मांजराचं चित्र. मनीला काही टाकलं नव्हतं, पण तिने सहज म्हणून सांगितलं की मनी रोज दुपारी लॅब्रेडॉरच्या पोटाशीच झोपते आणि त्याची मान चाटते. म्हणजे थेंब मनीवर न टाकताही मनीच्या पोटात जायची सोय होती. तिच्या डॉक्टरांनी लॅब्रेडॉरचे थेंब बंद केले. त्याला कधी फिट आली नव्हती, तेव्हा त्याला लिहून दिली ती चघळायची गोळी. केसांवर काही उरतच नाही, मनी चाटू दे पाहिजे तेवढं. मनीला तिच्या वजनाचे, मांजराचेच थेंब. उरलेली नळी बेसिनमध्ये ओतू का, असं ती विचारत होती. नको, म्हटलं, खोक्यासकट दवाखान्यात देऊन ये.